कोऱ्या चेहऱ्याची जोडी

३ नोव्हेंबर
आज खोपटला, एसटी डेपोजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागलो. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता ब्रशला कोणी विचारत नाही. मालकीण रसिका मुलीच्या वयाची, बोलायला गोड. म्हणाली, काका, हात तुमचा बसलेला आहे, फक्त माउस धरायला शिका. माउस टेबलावरून पडेल अशी सारखी धास्ती वाटत होती. फोटो खाली ठेवायचा, कडेकडेने पॉइंट मारत जायचं. पॉइंटला दांडी असते, ती ओढली की रेघ वळते. शेवटचा पॉइंट पहिल्याला जोडला की आत रंग भरतो. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला जमलं. घरी येताना दिवा स्टेशनला उतरून पेढे घेतले. बायको, विमल, म्हणाली, चला, आता सदऱ्यावर ऑइल पेंट तरी येणार नाही.

५ नोव्हेंबर
आम्हा पेंटर लोकांत नवा ब्रश आधी घरच्या माणसासाठी चालवतात. म्हणून पहिलं चित्र विमलचं घेतलं, मोबाइलमधल्या फोटोवरून. चुकेल या भीतीने इतके पॉइंट मारले की गालाची करवत झाली. रसिका हसली. काकूंचा चेहरा आहे की कंगवा, म्हणाली. पॉइंट जितके कमी तितकी रेघ सफाईदार. मग मी पुसत गेलो. हनुवटीवरचं गोंदण फार बारीक, ते सोडूनच दिलं.

६ नोव्हेंबर
विमलच्या हनुवटीवर गोंदण नाही. लहानपणी तिच्या आत्याने गोंदवून घेतलेलं. मी ओल्या फडक्याने घासून पाहिलं. शेजारच्या केशरबाई तिला म्हणाल्या, कुठली क्रीम लावतेस गं, आम्हाला पण दे की. विमल हसत होती. उद्या चित्रात गोंदण घालतो, म्हणजे शंका जाईल.

७ नोव्हेंबर
पोचायला उशीर झाला. रसिकाने माझं चित्र पुरं करून नमुना म्हणून काचेवर लावलेलं. लग्नपत्रिकेवर हल्ली असंच मागतात म्हणे. साडी, केस, कुंकू, आणि चेहरा कोरा. नाक-डोळे दाखवले की जुनाट वाटतं. मी तसाच घरी परतलो.

विमल भाकरी थापत होती. पाठमोरी होती तशीच. वळली. कपाळावर कुंकू. त्याखाली गव्हाळ रंग, सगळीकडे सारखा.

भाकरी तिने न करपवता उतरवली. मी जेवलो. दुसरं काही सुचलं नाही. ती पाण्याचा पेला गालाला लावून बसली होती.

८ नोव्हेंबर
केलेलं मागे नेता येतं ना, असं रसिकाला विचारलं. फाइल बंद केली की नाही येत, म्हणाली. घरचं सगळं सांगितलं. म्हणाली, काका, भांडलात ना काकूंशी? जा, सॉरी म्हणा. मोबाइलमधला फोटोही आता कोरा आहे. आठवून डोळे काढायला बसलो. बारीक कुठला होता, डावा की उजवा? आठवेना. एक काढला, त्याचीच उलटी कॉपी केली. तोंड काढायच्या आत दुकान बंद झालं.

९ नोव्हेंबर
विमलच्या चेहऱ्यावर डोळे आले. मिटत नाहीत. पापण्या मी काढल्याच नव्हत्या. आडवी होते तेव्हाही बघत असते.

रविवार. दुकान बंद. चमच्याने पाणी द्यायला गेलो, सगळं मानेवरून खाली — उद्या आधी तोंड काढायचं. उघडं काढायचं. विसरायचं नाही.

१० नोव्हेंबर
चपला घालत होतो, रसिकाचा फोन आला. खुशीत होती. काकू काचेवर एकट्या बऱ्या दिसत नाहीत, म्हणून शेजारी तुम्हाला काढलंय, माझ्याकडून भेट. कसं काढलंस, विचारलं. काचेवरच्या काकूंसारखंच, कोरं की, जोडी नको का दिसायला? थांबा, सेव्ह करते. मी नको नको म्हणून ओरडलो. तिला वाटलं, लाजतोय. काका पण ना, म्हणाली —

आवाज मधेच गेला. माझा. हात लावून बघितलं. ओठ नाहीत. दात कुठे —

विमल समोर बसून बघते आहे. तिला लिहून दाखवतो. तिच्या तोंडाचं आता कोण —

दिसत नाही. ओळीवर लिहितोय का कळत नाही. तिने माझं मनगट धरलंय. पेल्याची कड गालाला लागते आहे, मलाही पाणी —

रसिकाने बोटं सुटी काढलेली नाहीत. पेन नीट ध