आईच्या केंद्राला पाच स्टार

३ नोव्हें., सोम.
आई परत पडली. बाथरूमच्या दारातच. मी कॉलेजात बारावीची प्रॅक्टिकल घेत होते, हे जालन्याला. कामवालीनं फोन केला. हाड शाबूत आहे, पण खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिनेही झाले नाहीत. नर्सिंग ब्युरोची बाई चार दिवसांत पळाली, दुसरी मिळत नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही.
पुण्याहून माधवचा फोन. "ताई, आता वृद्धांचं एखादं चांगलं केंद्र बघच." बघ म्हणे. धाकटा भाऊ असावा तर असा. आईचं सगळं फोनवरून करतो.

५ नोव्हें., बुध.
दोन दिवस साइटवर अभिप्राय वाचतेय. मिक्सर घेतानासुद्धा मी दोनशे वाचले होते, ह्यांनी अख्ख्या गणगोताला सांगून हसू केलं माझं. पण मिक्सर नऊ वर्षं चाललाय.
माझी पद्धत: "नाईस प्लेस, गुड स्टाफ"वाले आधी बाद. मग प्रत्येक नावावर जाऊन बघायचं, ह्या माणसानं आणखी कुठं कुठं स्टार वाटलेत. एकानं एकाच दिवशी सुरतचं सलून, कानपूरचं गॅरेज आणि इथलं वृद्ध केंद्र, तिन्हींना पाच-पाच. बाद. अशी चार केंद्रं गळाली.
एक उरलं. छावणीच्या पुढं. त्याचे अकरा अभिप्राय मराठीत, लांबलचक, खऱ्या नावांचे. "माझ्या आईला इथं लेकीसारखं जपतात." एवढं बसून मराठीत कोण खोटं लिहील? बऱ्याच जणांच्या नावाखाली बारीक अक्षरात 'बदल केला' असं आहे. म्हणजे लिहून सोडून न देता मागाहून भर घालणारी, काळजी असलेली माणसं.

८ नोव्हें., शनि.
सोडून आले. आई गाडीत विचारत होती, "गंगापूरला चाललोय का?" तिचं माहेर. हो म्हटलं.
पहिले आठ दिवस भेट नाही. सवय व्हावी म्हणून, असं संचालिका मॅडम म्हणाल्या. गोड बोलतात.
घरी आल्यावर आईचा वॉकर बाल्कनीत नेऊन ठेवला. रडले.

१६ नोव्हें., रवि.
पहिली भेट. केस विंचरलेले, स्वच्छ गाऊन, खिडकीजवळची खाट. मला ओळखलं. "कॉलेज नाही का आज?"
निघताना मॅडम म्हणाल्या, "ताई, दोन ओळी लिहा ना आमच्याबद्दल. तुमच्यासारख्या प्राध्यापकांनी लिहिलं की लोकांना आधार वाटतो." टेबलावर कार्ड होतंच, मोबाइल धरला की साइट उघडते. तिथंच बसून लिहिलं. पाच स्टार. दोन ओळी कसल्या, चांगल्या वीस झाल्या. खिडकी, ऊन, मावश्यांची माया. मावश्यांशी तर मी धड बोललेसुद्धा नव्हते!
लिहिता लिहिता हलकं वाटत गेलं. आईला आपण चांगल्या ठिकाणी ठेवलंय हे मी मलाच समजावून सांगत होते, दुसरं काय.

२३ नोव्हें., रवि.
आईचे ओठ फुटलेत. जीभ कोरडी. माझ्या पर्समधली बाटली बघितली आणि हात पुढे केला. अख्खी लिटरची बाटली संपवली, मधे श्वास घ्यायलाही थांबेना. मी घाबरले.
जिन्यापाशी सुमनमावशी भेटल्या, आईच्या हॉलला त्याच असतात. आधी इकडंतिकडं बघितलं. मग: "ताई, माझं नाव सांगू नका. चारच्या नंतर, पार सकाळी सातपस्तोर, पाणी द्यायचं नाय असं सांगितलंय. एक मावशी अन् चौदा म्हाताऱ्या. सारखं वलं झालं तर बदलणार कोण?"
म्हणजे दुपारी चार ते सकाळी सात. पंधरा तास.
मॅडमना विचारलं. "डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सगळं होतं ताई. आणि पाण्याचं म्हणाल तर शहरात नळ आठ दिवसांनी येतो, तरी आम्ही टँकर घेतो." मी कशाबद्दल विचारलं आणि बाई कशाबद्दल बोलल्या.

२४ नोव्हें., सोम.
अभिप्राय बदलला. दोन स्टार. पाण्याचं स्पष्ट लिहिलं, मावशींचं नाव नाही. निदान दुसरी कोणी फसायला नको.
दुसऱ्या तीन केंद्रांना फोन. दोघांकडं जागा नाही, तिसरे चालत्या-फिरत्यांनाच घेतात. माधव म्हणाला, "जरा अ‍ॅडजस्ट कर ना ताई." फोन आपटला मी.

३० नोव्हें., रवि.
आईची खाट हलवली आहे. खिडकीपासून थेट संडासाच्या दाराशी. ओल, वास, दार उघडलं की खाटेला लागतं. आई भिंतीकडं तोंड करून पडली होती. हाका मारल्या तरी वळली नाही.
मॅडमनी ऑफिसात बसवलं, चहा दिला. टेबलावर मोबाइल, त्यात माझे दोन स्टार. आवाज तसाच गोड. "ताई, विश्वास नसेल तर आम्ही कुणाला धरून ठेवत नाही. रविवारपर्यंत खाट मोकळी करून द्या. वाट बघणारे खूप आहेत."
मी चहा प्यायले. त्या चहाची अजून शिसारी येतेय. पण प्यायले.

१ डिसें., सोम.
परत पाच केले. "गैरसमज झाला होता" असं लिहिलं. आधीपेक्षा लांब लिहिलं, जास्त चांगलं लिहिलं. तीस वर्षं मुलांकडून प्रयोगाचं खरं रीडिंगच लिहून घेतलंय मी. आकडा चुकीचा येऊ दे, पण आलेलाच लिहा म्हणून ओरडायची. लाज वाटते.
पाठवल्यावर माझ्या नावाखाली आलं: 'बदल केला'.
मग ते अकराच्या अकरा परत उघडून बसले. सात जणांच्या खाली तेच. 'लेकीसारखं जपतात' लिहिणारी, तिच्याही खाली. नावं खरी, माणसं खरी. मी खोट्या माणसांना गाळत बसले होते. हे सगळे माझ्यासारखेच, ज्यांचं कोणीतरी त्या हॉलमध्ये पडलेलं आहे. आधी काय लिहिलं होतं ते आता कुणाला कळणार?

७ डिसें., रवि.
आई परत खिडकीशी. हिशेबाच्या पक्क्या आहेत मॅडम.
ऑफिसात एक गृहस्थ उभे होते, पांढरा सदरा, टोपी हातात. बाहेर जीपमध्ये त्यांची म्हातारी आई. पिशोरहून आले होते. रजिस्टरमध्ये मी नाव लिहीत होते, ते अक्षर अक्षर लावत वाचून एकदम म्हणाले, "तुमीच का त्या ताई? पोरीनं तुमचं लई मोठं लिहिलेलं वाचून दाखवलं मला. प्राध्यापक बाई हाय म्हणली, खोटं कशाला लिहील? त्याच्यावरच आलो बघा. चांगलं हाय ना?"
मॅडम तिथंच. हातात प्रवेशाचा फॉर्म, नजर माझ्यावर.
"हो," मी म्हटलं. "चांगलं आहे."
मी एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मीच पुढे म्हणाले, "माझी आई खुशीत आहे इथं."
त्यांचं नाव रामेश्वर. त्यांनी माझा नंबर घेतला. "तुमी येता-जाता माझ्या मायकडं बघत जा ताई. गयाबाई नाव तिचं." गयाबाईंना संडासाच्या दाराशी रिकामी झालेली खाट मिळाली. आईची.

१० डिसें., बुध.
रामेश्वरभाऊंचा रोज संध्याकाळी फोन. त्यांनाही आठ दिवस भेट नाही. "ताई, काय खबर मायची?" मला कसली खबर असणार? मी रविवारशिवाय जाऊ शकत नाही, तरी म्हणते बऱ्या आहेत. ते म्हणतात, "तुमच्या भरवशावर हाय बघा."
जेवण जात नाही. हे म्हणतात बी.पी. तपासून घे.

१४ डिसें., रवि.
दोन बाटल्या नेल्या. एक आईला. दुसरी घेऊन गयाबाईंकडं गेले. त्यांनी आधी पदर सावरला, मग बाटली दोन्ही हातांनी धरली. "कोण गं बाई तू? देवानं धाडलं तुला." पाठीवर, माकडहाडाशी जखम व्हायला लागली आहे, रुपयाएवढी. सात दिवसांत. सुमनमावशींनी माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.
रामेश्वरभाऊंना आज पिशोरचा बाजार सोडून येता आलं नाही. बरं झालं असं वाटलं आधी. ह्या 'बरं झालं'ची आता किळस येते.

१५ डिसें., सोम.
स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. रामेश्वरभाऊंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. पाणी, चार वाजता, पंधरा तास. माझे दोन स्टार, मग पाच. ती खाट आधी कुणाची होती ते. जखम. शिव्या देतील असं वाटलं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
मग विचारलं, "तुमची आई तिथंच हाय ना ताई अजून?"
"हो."
"मग?"
मी जिन्याचं सांगितलं. कॉलेजचं, पळालेल्या बाईचं, माधवचं. सगळी कारणं खरी आहेत, एकही बनवलेलं नाही, पण स्वतःच्याच कानांना सबबींसारखी वाटत होती ती.
त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "व्हय. आमच्यात बी अद्रक काढायला माणूस नाय, मालकीण दिवस उगवायला रानात. मायचं कोण करील ते मला बी ठाव नाय. पण पाण्यावाचून नाय ठेवायचो म्या तिला." मग म्हणाले, "उद्या दहाला जीप आणतो. मागं दोघी झोपतील एवढी जागा हाय. तुमच्या आईला बी काढा. घरापस्तोर सोडतो, आमी दोघं भाऊ हावोत, जिना बी चढवून देतो."
बघते, म्हटलं.
"बघायचं काय त्यात ताई?" रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं विचारलं.

संध्या.
ह्यांना सांगितलं. "आण की," म्हणाले, आणि मग, "परवा तू प्रॅक्टिकलला गेलीस आणि त्या परत पडल्या तर?" बरोबर आहे त्यांचं. उद्या काढलं तर खाट गेली, मॅडम परत दारात उभं करणार नाहीत. नाही काढलं, तर गयाबाई गेल्यावर संडासाशी कोण जाईल?
रजेचा अर्ज लिहिला. तारीख घातलेली नाही.
साइट उघडून बघितली. माझे पाच तसेच आहेत. आज आणखी दोघांना 'उपयोगी' वाटले. बोट नेलं होतं बदलायला. उद्या दहापर्यंत आई तिथं आहे, म्हणून नाही बदललं.
आत्ता रामेश्वरभाऊंचा मेसेज आला, पोरीनं लिहून दिलेला दिसतो. 'ताई जीपला मागून वारं लागतं. तुमच्या आईसाठी गोधडी घेऊन या.'
गोधडी काढून खुर्चीवर ठेवली आहे. मेसेजला उत्तर दिलेलं नाही.