आवाजाचा परवाना

दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

पत्र मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुझा फोन दिवसभर बाबांच्या उशाशी असतो आणि आलेला प्रत्येक मेसेज त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो. हे त्यांच्या कानावर जायला नको.

माझा कॉम्प्युटर गेला. सोमवारी सकाळी चालू केला तर आतून टकटक ऐकू आली आणि पडदा काळाच राहिला. दुरुस्तीवाल्यानं हार्ड डिस्क काढली, कानाशी धरली आणि माझ्या डॉक्टरांनी तेव्हा केला होता तसा चेहरा केला. मला त्या चेहऱ्याची ओळख आहे, त्यामुळे पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

आता नवी डिस्क बसवली आहे. माझा आवाज शाबूत आहे, तेवढी काळजी करू नकोस. ऑपरेशनच्या आधी महिनाभर बसून मी जी वाक्यं रेकॉर्ड केली, ती सगळी पेनड्राइव्हवर आहेत. पण त्यांतून शब्द जुळवून माझ्या आवाजात बोलणारा जो प्रोग्रॅम आहे, तो नव्यानं टाकला की लायसन्स की मागतो. अक्षरं-आकड्यांची ती लांबलचक ओळ मी जुन्या डिस्कवरच जपून ठेवली होती. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट लावून घेतलं, असं समज. हसलास तरी चालेल.

स्वरयंत्र काढल्याला तीन वर्षं झाली, पण संध्याकाळचा फोन मी कधी चुकवला नाही. मी टाइप करायचं, प्रोग्रॅमनं बोलायचं, आणि बाबांनी कुरकुरायचं की बसस्थानकावर घोषणा करून करून पोरगी घरच्यांशीसुद्धा गाडी सुटत असल्यासारखी बोलते. आता चार दिवस झाले, फोन नाही. त्यांना सांग की मला कामासाठी आडगावी पाठवलं आहे, तिथे रेंज नाही. कंपनीकडे की मागितली आहे, आठवड्याभरात येईल.

दुकानात डोळे फोडून काम करू नकोस. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई


दि. १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मालकांनी हातात दिलं आणि कोणाचं म्हणून भुवया उडवल्या. माझं कुठेतरी जमलं आहे अशी त्यांची समजूत झाली आहे. राहू दे, तेवढाच माझा भाव वाढतो.

आडगावाची गोष्ट बाबांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं की ज्या गावात फोन लागत नाही तिथे बस कशी जाते. मी म्हटलं, बस रस्त्यानं जाते. त्यांचं समाधान झालेलं नाही. संध्याकाळ झाली की फोन मांडीवर घेऊन खिडकीशी बसतात. मी दुकानातून येईपर्यंत तसेच असतात. दिवा लावलेला नसतो, त्यांना त्याची गरज नाही हे कळतं, तरी दार उघडल्यावर अंधारात बसलेलं माणूस बघून मी आधी दिवा लावतो.

त्यांची छाती पुन्हा भरली आहे. डॉक्टर म्हणाले की छातीत थोडं पाणी आहे, औषधानं उतरेल. जेवण निम्म्यावर आलं आहे.

कंपनीनं की मेलवर पाठवली असेल ना? तो जुना मेल शोध. आणि ताई, रागावू नकोस, पण खरं सांगून टाकण्याची हीच वेळ नाही का? मी अख्ख्या गावाच्या चष्म्यांची भिंगं घासतो, कोणाला किती नंबर, किती अंश हे न चुकता सांगतो. घरात मात्र रोज खोटं बोलतो. तुझ्यासाठी बोलेन, पण ते मला नीट येत नाही आणि बाबांचे कान फार तिखट आहेत.

तुझ्या उत्तराची वाट बघतो. जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझा,
भिंग्या


दि. २५ फेब्रुवारी

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

मेल आला होता तो ऑफिसच्या पत्त्यावर. घोषणांच्या खोलीतून मला आतल्या टेबलावर बसवलं तेव्हा तो पत्ता बंद झाला. कंपनीकडूनही उत्तर आलं. ती मूळची छोटी कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली. तिथल्या माणसानं फार गोड शब्दांत कळवलं की तो प्रोग्रॅम आम्ही बंद केला आहे, जुन्या लायसन्सची नोंद आमच्याकडे आलेली नाही, आमचा नवीन प्रोग्रॅम घ्या, त्यात सुंदर सुंदर आवाज आहेत. मी विचारलं, त्यात माझा आहे का. तेव्हापासून उत्तर नाही.

म्हणून ती मेलेली डिस्क एका प्रयोगशाळेत पाठवली आहे. धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडून, आतले तुटके भाग बदलून, जमेल तेवढं वाचून देतात. तिथली बाई फोन करते म्हणाली होती. फोनवर मला बोलता येत नाही असं लिहिलं, तर तिनं उत्तरात लिहिलं की मग हे काम आधी घेते.

खरं सांगण्याचं म्हणतोस. आईच्या वेळेचं तुला सगळं आठवत नसेल, तू लहान होतास. तिचाही आजार गळ्याचाच. शेवटी ती पाणी मागायची ते फक्त बाबांना कळायचं. ती गेल्यावर बाबा मला म्हणाले की आता या घरात कोणाला असं काही झालं तर मला सांगू नका, माझ्याच्यानं पुन्हा होणार नाही. मला झालं तेव्हा त्यांची नजर नुकतीच गेली होती. त्यांना काय सांगणार होते मी? फोनवर निभावता येत होतं, समोर बसून आलं नसतं. आवाज डब्यातून येतो हे त्यांना पहिल्या वाक्यालाच कळलं असतं. म्हणून तीन वर्षं घरी आले नाही. रजा मिळत नाही म्हणून बाबा माझ्या साहेबाला शिव्या घालतात. तो बिचारा भला माणूस आहे.

थोडे दिवस काढ. बाबांना गरम पाणी प्यायला देत जा. रागावले नाही, हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
ताई


दि. ७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आता निभावायचं काही राहिलं नाही. बाबांना कळलं आहे.

परवा मी दुकानात असताना त्यांनी बसस्थानकाच्या चौकशीचा नंबर फिरवला. तू नोकरीला लागलीस तेव्हाचा, त्यांना पाठ होता. तुला बोलवा म्हणाले. तिकडचा कोणी नवीन माणूस असावा. तो म्हणाला की त्या बाई बोलू शकत नाहीत, घशाचं ऑपरेशन झाल्यापासून आतलं काम करतात, काही निरोप असेल तर लिहून देतो. बाबांनी निरोप नाही म्हणून सांगितलं.

मी घरी आलो तर नेहमीसारखे खिडकीशी बसले होते. मला जवळ बसवलं आणि अगदी हळू विचारलं की मग माझ्याशी इतके दिवस कोण बोलत होतं. ताई, मी सगळं सांगितलं. आवाज तुझाच, फक्त आधी साठवून ठेवलेला. पुन्हा विचारलं, आणि शब्द? म्हटलं, शब्द तर सगळे तिचेच, एकेक अक्षर दाबून लिहिलेले. मागच्या थंडीत त्यांना ताप होता तेव्हा तू तासभर बोलत बसली होतीस, ते त्यांनी काढलं. तेवढं सगळं टाइप केलं का, म्हणाले. मी हो म्हटलं. मग तोंड भिंतीकडे करून झोपले. जेवले नाहीत.

तेव्हापासून तुझ्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. रागावले आहेत की काय, मला उमगत नाही. खोकला वाढला आहे. काय करू, कळव.

तुझा,
भिंग्या


दि. १२ मार्च

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आणि प्रयोगशाळेचं पाकीट एकाच दिवशी आलं. आधी पाकीट उघडलं, तुझं नंतर. उलट केलं असतं तर पाकीट उघडलंच नसतं.

डिस्कवरचं बरंच काही गेलं. फोटो गेले, पण ती एक फाइल निघाली. बाईनं की कागदावर मोठ्या अक्षरांत छापून पाठवली, आणि शून्य कुठलं आणि ओ कुठला ते पेनानं खूण करून दाखवलं. मी ती घातली आणि प्रोग्रॅम उघडला. एवढे दिवस ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते दोन मिनिटांत झालं. लोकांना वेडं वाटेल, पण मी आधी स्वतःचंच नाव लिहिलं आणि ऐकलं.

मग तुझं पत्र वाचलं.

संध्याकाळी फोन हातात घेतला. बाबा, मी बोलते आहे, एवढं लिहून ठेवलं होतं. नंबर लावला नाही. आता ते ऐकतील तेव्हा मला नाही, यंत्राला ऐकतील. काल-परवापर्यंत तोच आवाज माझा होता. त्यांना विचार की मी फोन केला तर ते घेतील का. ते नको म्हणाले तर तसं स्पष्ट लिही, माझी भीड धरू नकोस.

तू तरी माझ्यावर रुसू नकोस.

ताई


दि. १८ मार्च

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

मी सांगतो आहे आणि भिंग्या लिहितो आहे. तो मधले शब्द खाईल म्हणून लिहून झालं की दोनदा वाचून घेणार आहे.

सांगू नका असं मी म्हणालो होतो, ते खरं आहे. तुझी आई गेल्यावर माणूस तोंडाला येईल ते बोलतो. ते इतकं मनावर घ्यायचं नसतं. तू शहाणी म्हणून तुला घरात सगळं विचारून करायचो, आणि एवढी एक गोष्ट तुला समजली नाही.

मी रागावलो का, असं हा विचारतो. रागावलो होतो. तुझा गळा कापला तेव्हा तुझ्या उशाशी कोणी नव्हतं, याचा राग आला. माझे डोळे गेले होते, हात गेले नव्हते. मी येऊन बसलो असतो.

तुझा तो डबा चालू झाला असं कळलं. चांगलं झालं, बाजारहाट करायला तुला उपयोगी पडेल. पण मला त्यावरून फोन करू नकोस. तू ये. येताना तो आणूही नकोस, त्याचं ओझं कशाला. मला आता फार वेळ बसवत नाही, तेव्हा रजेचं निमित्त सांगू नकोस. तुझ्या साहेबाला मी उगाच बोललो, त्याला माझा नमस्कार सांग.

वाट बघतो आहे.

बाबा

(ताई, शब्द खाल्लेला नाही. लवकर ये. — भिंग्या)


दि. ४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू नीट पोचल्याचा मेसेज मिळाला. फोन आता माझ्याजवळच असतो, तरी पत्रच लिहितो आहे. मेसेज आला की तो अजून मोठ्यानं वाचायला लागतो. ते बंद कसं करायचं हे मला माहीत आहे, पण केलेलं नाही.

बाबांची खाट आवरली. खिडकीशी त्यांची खुर्ची आहे, तिला हात लावला नाही. दुकानात सगळे नीट वागतात, मालक तर चहासुद्धा स्वतः आणून देतात. मला त्यानं जास्तच रडू येतं.

एक विचारायचं आहे. शेवटच्या आठवड्यात बाबा एकदा म्हणाले होते की तिचा तो आवाज एकदा ऐकला असता तरी चाललं असतं. मी लगेच निघून तुझा कॉम्प्युटर घेऊन येतो म्हटलं, तर तू मान हलवून नको म्हणालीस. इतकी धडपड करून परत मिळवलेला आवाज, आणि तो त्यांना ऐकवला नाहीस. मी दोष देत नाही. पण रोज रात्री हाच विचार डोक्यात येतो, म्हणून विचारतो.

तुझा आधार आहे, तो तसाच असू दे.

तुझा,
भिंग्या


दि. १२ मे

चि. भिंग्यास,
अ. उ. आ.

विचारलंस ते बरं केलंस.

तू गेला असतास तर जाऊन-येऊन दोन दिवस लागले असते आणि तेवढा वेळ त्यांच्याजवळ नाही हे मला दिसत होतं. मी आईच्या वेळी ते पाहिलेलं आहे. ते दोन दिवस तू त्यांच्यापाशी असायला हवा होतास. हे एक कारण.

दुसरं असं की तू दुकानात गेलास की आमचं बोलणं चालायचं. मी त्यांच्या तळहातावर बोटानं लिहायची आणि ते एकेक अक्षर मोठ्यानं लावत जायचे. पहिल्या दिवशी फार चुकायचे. तुझं अक्षर लहानपणापासून असंच घाणेरडं, काना कुठे देतेस आणि वेलांटी कुठे, म्हणून ओरडायचे. मग हात बसला. मी जे लिहीन ते बाबा बोलायचे. ऑपरेशनला जाताना एकटी होते, तेव्हा काय वाटलं, ते सगळं मी लिहिलं आणि त्यांनी ते त्यांच्या तोंडानं म्हटलं. मला भीती वाटली, असं बाबा म्हणाले, माझ्या वतीनं. ते ऐकल्यावर त्या डब्याची आठवणसुद्धा आली नाही. त्यांनी आवाज ऐकायचा आहे असं म्हटलं तेव्हा मी त्यांच्या हातावर विचारलं, आणू का. त्यांनी नको अशी मान हलवली आणि पुन्हा हात पुढे केला. ते तुला दिसलं नाही, तू औषध काढत होतास.

शेवटच्या सकाळी ते अक्षरं लावत नव्हते. दमले होते. तरी हात उघडा ठेवला होता, म्हणून मी लिहिलं, बाबा. एवढंच. मला वाटलं, आता मोठ्यानं वाचतील. वाचलं नाही. मूठ मिटली आणि माझं बोट आत धरून ठेवलं. तू खोलीत आलास आणि विचारलंस की झोपले का. मला कळलं होतं, तरी मी हो अशी मान हलवली, कारण इतक्यात बोट सोडवून घ्यायचं नव्हतं.

इकडे ये, चार दिवस राहून जा. एकटा जेवत बसू नकोस.

तुझीच,
ताई