फोटोतली गुलाबी बाळं

ताई,

फोन उचलत नाहीस, बाळाचे फोटो मात्र पाठवतेस. फोटोत सगळीच बाळं गुलाबी दिसतात गं, कावीळ त्यात कळत नाही.

तुझ्या सासरच्यांसमोर मी लेकीचं दुपटं सोडलं म्हणून फणकारलीस. उघडं केल्याशिवाय श्वास, रंग कसा बघायचा? नवजात बाळांच्या वॉर्डात मी दिवसभर तेच करते. वर म्हणालीस, "स्वतःचं असतं तर कळलं असतं." ते राहू दे.

तिच्या नाकावर हलकेच बोट दाबून सोड. कातडी पिवळी दिसली, दूध ओढायचा कंटाळा करत असली, तर लगेच दवाखान्यात आण.

हे वाचून तू हट्टाने आणणार नाहीस. म्हणून पत्र फाडते आणि मीच येते. दार उघडू नकोस हवं तर. बाहेरूनच सांगेन, फक्त तिला खिडकीशी, उजेडात धर.

तिची मावशी