एकाकी राजा आणि सासूबाई

१ सप्टेंबर
सुटलो! काल विमा कंपनीतला शेवटचा दिवस. प्लॅनिंग विभागाचा प्रमुख लीव्हन कोप्पेन्स संपला, बाहुलीकार लीव्हन कोप्पेन्स जन्माला आला. (वाक्य जमलंय. मुलाखतीत वापरायला ठेवावं.) निरोपाला केक होता. फरमासन साहेब म्हणाले, कधी वाटलं तर या परत, दार उघडं आहे. डोळ्यांत सरळ सरळ हेवा.

कात्रीनने ईस्टरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर बाहुल्यांच्या खेळांवर घर चालायला लागलं नाही, तर पुन्हा नोकरी. मी ताबडतोब हो म्हणालो. बायकोला मुदतीने बरं वाटत असेल तर वाटू दे. नाताळच्या आतच मला ब्रसेल्सच्या मोठ्या नाट्यगृहातून बोलावणं येईल असा अंदाज आहे.

निश्चय: रोज पहाटे उठून कोरीवकाम.

२ सप्टेंबर
नऊला उठलो. कलावंताच्या शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं. दिवसभर गॅरेज लावलं. पटाश्या आकारानुसार, पॉलिश पेपर खरखरीतपणानुसार, रंग वर्णानुक्रमे. प्रत्येक डब्याला लेबल. कोरीवकामाला वेळ उरला नाही, पण निर्मितीला आधी जागा लागते.

१७ सप्टेंबर
पहिलं डोकं पूर्ण! राजाचं आहे. कात्रीनला दाखवलं. म्हणाली, अय्या, बटाटा अगदी खराखुरा वाटतोय. बायको चष्म्याच्या दुकानात काम करते, पण स्वतःचे डोळे तपासून घेत नाही.

संध्याकाळी नाक तुटलं. विचारांती तसंच ठेवलं. राजाने ते युद्धात गमावलं. त्यामुळे व्यक्तिरेखेला खोली आली.

२९ सप्टेंबर
नाटक लिहून झालं. ‘राजाचं एकटेपण’. पाच वर्षांपुढील मुलांसाठी. सत्ता माणसाला कशी पोखरते, हा विषय. इतर बाहुलीवाले मुलांना कमी लेखतात, बाहुल्यांना एकमेकांच्या डोक्यात काठ्या घालायला लावतात. मी तसं करणार नाही.

१४ ऑक्टोबर
पहिला प्रयोग! शेजारच्या आनलीसच्या धाकट्याचा वाढदिवस. राजाचं पहिलं स्वगत चालू असताना एका मुलीने विचारलं, हे केकच्या आधी संपणार का. दुसरी रांगत पडद्यामागे आली आणि बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं की आत एक टकलू काका गुडघ्यावर बसलाय. त्यावर प्रचंड हशा. थोडक्यात, प्रेक्षक शेवटपर्यंत गुंतलेले होते. म्हणजे केक येईपर्यंत.

आनलीस म्हणाली, वेगळं होतं हं.

पोस्टरवर घालणार: ‘वेगळं!’ – आनलीस.

६ नोव्हेंबर
फोन नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा आमच्या धंद्यात मंदीचाच काळ असणार.

फोन आला एक, पण फरमासन साहेबांचा. हिवाळी शिफ्टचा तक्ता जुळत नव्हता. मी कडक शब्दांत सांगितलं की माझा आता या गोष्टींशी संबंध नाही. मग तासभर समजावून सांगितलं. दोन माणसं चुकीच्या रकान्यात होती, तेवढंच. फोन ठेवल्यावर शीळ घालत होतो, असं कात्रीन म्हणते. मला आठवत नाही.

कात्रीन आता शनिवारीही दुकानात जाते. तिला आवडतं वाटतं शनिवारी काम करणं. संध्याकाळी सोफ्यावर बुटांसकट झोपली होती. मी बूट काढून ठेवले.

१५ नोव्हेंबर
राजाला झगा हवा, म्हणून कात्रीनने तिच्या आईला बोलावलं. सासूबाईंचं, म्हणजे गोडलीवबाईंचं, गेंटच्या लेडेबर्ग भागात केस कापायचं दुकान होतं. दुकान बंद केलं, तोंड मात्र अजून उघडं आहे. गॅरेजात येऊन राजाकडे बघितलं आणि म्हणाल्या, जावईबापू, याला झगा नको, डॉक्टर हवा.

झगा मात्र छान शिवला. मी नाटक वाचून दाखवलं. ऐकता ऐकता डोळे मिटले त्यांनी. गहिवरल्या असणार. नंतर किंचित घोरण्यासारखा आवाज आला, पण त्यांना सायनसचा त्रास आहे.

२८ नोव्हेंबर
मुलांना भेटी वाटणाऱ्या सिंटरक्लासच्या सणाचा प्रयोग मिळाला! वाचनालयात. खरं म्हणजे ठरलेला जादूगार आजारी पडला, पण निवड ती निवड. ब्रसेल्सवाल्यांना निमंत्रण धाडलं. स्वगत थोडं वाढवलं आहे.

५ डिसेंबर
अनर्थ. स्वगताच्या तालमी करून करून घसा बसला. आवाजच नाही. उद्या प्रयोग. कात्रीन म्हणाली, आईला घे, ती वाचेल. मी पाटीवर लिहून दाखवलं, अशक्य. कात्रीनने पाटीकडे बघितलंच नाही, फोन लावत होती.

६ डिसेंबर
काय घडलं ते शांतपणे लिहितो.

ठरलं होतं ते असं: बाहुल्या मी हलवायच्या, सासूबाईंनी कागदावरचं वाचायचं, बस्स. हॉल भरलेला. पोरांच्या हातात स्पेक्युलास बिस्किटं. सासूबाईंनी पहिली दोन वाक्यं वाचली. ‘मी राजा. माझ्या सिंहासनाभोवती शांतता आहे.’ मग थांबल्या. मग कागद गुंडाळून एप्रनच्या खिशात घातला आणि आमच्या गेंटच्या ठसकेबाज बोलीत ओरडल्या, अगं बाई, महाराज, या ना, बसा ना, काय कापायचं? तुमच्या डोक्यावर तर काहीच नाही!

पोरं हसून फुटली. मी खालून त्यांच्या गुडघ्याला कोपर मारलं. त्यांनी माझ्या हातातून राजाच काढून घेतला. पुढचा अर्धा तास राजा नसलेले केस कापून घेत होता, नसलेल्या नाकावर शाम्पू गेला म्हणून कुरकुरत होता, आणि शेजारणीच्या भानगडी ऐकत होता. एका आजोबांना हसता हसता उचकी लागली, पाणी द्यावं लागलं. प्रयोग संपल्यावर मुलांची रांग. राजाला हात लावायला. माझ्याकडे एकच मुलगा आला. संडास कुठे आहे, विचारायला.

ब्रसेल्सहून कोणी आलं नव्हतं. बरंच झालं.

इतकं मात्र खरं, की मूळ संहितेचा सांगाडा भक्कम होता म्हणूनच एवढं पेललं.

११ जानेवारी
फोनवर फोन. तीन शाळा, एक वृद्धाश्रम, एक फुटबॉल क्लब. सगळे एकच विचारतात: आजी येणार ना? मी सांगतो की मंडळाचा कलात्मक प्रमुख मी आहे. ते म्हणतात, हो हो, पण आजी?

आपल्याकडचा प्रेक्षक अजून तयार नाही. मी वाट बघायला तयार आहे.

१ फेब्रुवारी
सासूबाई सर्दीने आडव्या. उत्तम संधी. एकट्याने, मूळ संहितेसह, शाळेत प्रयोग. दुपारी शाळेच्या बाईंचा फोन. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही दमला असाल, पुढच्या वेळी आजी बऱ्या झाल्या की मगच या, घाई नाही.

काळजी घेणारी माणसं आहेत.

२० फेब्रुवारी
दोन आठवडे खपून मी राणी कोरली. सासूबाईंनी एका दुपारी जुना मोजा आणि केसांचे रोलर घेऊन मादाम इव्हॉन नावाची गिऱ्हाईक बनवली. आज दोघींना एकत्र खेळात आणलं. मुलं इव्हॉनला नावाने हाका मारत होती. राणीला एका मुलीने विचारलं, तू कोणाची आई?

गाडीत सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, मनाला लावून घेऊ नका. तुमच्यामुळे आपण कुठेही उशिरा पोचत नाही. वायर कुठली, दिवा कुठला, शाळेचं मागचं दार कुठलं, सगळं तुम्हाला पाठ असतं. माझ्या दुकानात असं माणूस असतं तर मी तीन दुकानं काढली असती.

कलावंताच्या तोंडावर असं कोणी बोलतं का! मग रस्ताभर फ्रिटच्या, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या, प्रत्येक गाडीसमोर थांबा थांबा करत होत्या. थांबलो. मेयोनीज जास्त घ्यायला लावलं.

१६ मार्च
आज कात्रीन पहिल्यांदाच बघायला आली. शनिवार असूनही. रजा काढली म्हणे. मागे मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसली.

मी पडद्याची दोरी धरून उभा होतो. भोकातून ती दिसत होती. इव्हॉनने राजाला विचारलं, घरी कोण असतं? सासूबाईंचा राजा म्हणाला, बायको असते. ती दमते. मी तिचे बूट काढतो. तेवढंच मला नीट येतं.

हे सासूबाईंना कोणी सांगितलं, माहीत नाही. कात्रीन आधी हसली, मग तिने डोळे पुसले, मग परत हसली, खुर्चीवरून पडेपर्यंत. असं हसताना तिला मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. माझ्या हातून दोरी सुटली आणि पडदा मध्येच पडला. लोकांना वाटलं तो शेवटच आहे. टाळ्या पडल्या.

प्रकाशयोजना आज विशेष चांगली होती.

२० एप्रिल, ईस्टरचा आदला दिवस
स्वयंपाकघरात बैठक. मी, कात्रीन, सासूबाई. निष्कर्ष: खेळ चालतायत, उन्हाळ्यापर्यंतच्या तारखा भरल्या आहेत, मला नोकरी शोधायची गरज नाही. म्हणजे मी जिंकलो. कात्रीनने सोमवारपासून शनिवारची पाळी सोडायचं ठरवलं आणि माझ्या टकलावर ओठ टेकले.

किरकोळ बदल: मंडळाचं नाव आता ‘गोडलीव आणि कंपनी’. कंपनी म्हणजे मी. पोस्टरवर ‘आणि’ मोठ्या अक्षरात घ्या, असं सुचवलं. विचार करू म्हणाल्या.

दुपारभर दौऱ्याचा तक्ता केला. शाळा हिरव्या, वृद्धाश्रम निळे, प्रवास पिवळा, सासूबाईंची डुलकी राखाडी. कॉफी गार झाली, कळलंच नाही. कात्रीनने विचारलं, एवढं रंगून काय करतोयस? म्हटलं, सर्जनशील काम.

मंगळवारी दाढ दाखवायला जायचं आहे. सासूबाईंकडे सुट्टी मागितली. म्हणाल्या, लेखी द्या, बघते.