बाहेर झोपवलेलं बाळ

सोलापूर

चि. धम्मप्रिया,
जय भीम.

काल तुझा फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून खालीच बसले. इंटर्नशिपसाठी डेन्मार्कला गेलेली माझी पोर पोलिसांसमोर उभी! तेही बाळ पळवल्याच्या संशयावरून!

"आई, कॅफेबाहेर बाबागाडीत बाळ एकटंच होतं. लई थंडी होती की. रडायला लागलं, म्हणून उचललं," तू म्हणालीस. तेवढ्यात त्याची आई आतून ओरडत धावत आली. तिकडे बाळांना मुद्दाम बाहेर थंडीत झोपवतात म्हणे! इथं पंख्याखाली घाम पुसत ऐकलं, तरी मी पदर अंगाभोवती लपेटून घेतला.

पोलिसांनी सोडलं, पण कंपनी तुला ठेवणार की परत पाठवणार, ते सोमवारी कळेल. म्हणून फोनवर दरडावलं, "परक्या मुलखात न विचारता कशाला हात लावायचा नाही. त्या बाईची माफी माग." माफी मागायचीच. त्यात बदल नाही.

हे पत्र मात्र कपाटातच राहील, कारण पुढचं वाक्य तुला कळता कामा नये. तुझ्या जागी मी असते, तर पोलीस येईपर्यंत ते बाळ माझ्या पदराखाली गाढ झोपलेलं असतं.

तुझी आई,
मनकर्णा