डक्टमधली शिट्टी

३ एप्रिल २०१६, केज
ऊसच नाही, सहकारी कारखाना बंद. फिटरची नोकरी गेली. मला फरक पडत नाही. शहादेवदादाची अर्धवट राहिलेली रेसची मारुती पुरी करणार. महिनाअखेर नगरला ऑटोक्रॉस आहे, मातीच्या ट्रॅकवरची रेस. मीच चालवणार. इंजिन तापतं, एवढंच. किरकोळ.

६ एप्रिल
समोर पत्र्याचा डक्ट बसवला. हवा थेट रेडिएटरवर. एकदम सायंटिफिक. कारखान्याच्या ओसाड रस्त्यावर ट्रायल घेतली. स्पीड वाढला की आतून शिट्टी येते. दादा घरी येताना वळणावरून मारायचा तशीच, शेवटी वर चढणारी.
दादा गेल्या उन्हाळ्यात ट्रकखाली गेला. माझा भुताखेतावर विश्वास नाही. फटीतून हवा जाते, आवाज होतो. विषय संपला.
इंजिन उकळलं.

९ एप्रिल
सिदू आला. कारखान्यात माझ्याच पाळीत होता. म्हणाला, डक्ट आन् रेडिएटरमधी बोटभर फट हाय बे, हवा तिथूनच पळती, रबर लाव. आन् बॉनेटला भोकं पाड, आत गेलेली हवा भायेर कुटून जाईल?
हे मला आधीच माहीत होतं. रबर आणून ठेवलंय. उद्या लावतो.

१३ एप्रिल
रबर लावलं नाही. पत्रा लई तापलेला, हात भाजतो. तशीच ट्रायल घेतली. पुन्हा उकळलं. प्यायच्या पाण्याची कळशी रेडिएटरमध्ये ओतली. टँकरचा पत्ता नाही. सत्यभामावहिनी, दादाची बायको, वळणावर येऊन उभ्या होत्या. पाण्यावरून रागावल्या असणार.

१७ एप्रिल
सीट मागे घ्यायची होती. दादा ठेंगणा, माझे गुडघे स्टिअरिंगला लागतात. बोल्ट गंजलेत, राहू दे. (कालच ऑइल घातलंय. तरी.)
दोन ट्रायल. फक्त डेटासाठी. वहिनी आजही वळणावर.

२१ एप्रिल
आज टेंपरेचरचा काटा पार लालमध्ये. वाफ, जळका वास. अजून एकदा असं झालं तर हेड तडकेल, म्हणजे दादाचं इंजिन जाईल. त्याने स्वतः बांधलेलं.
फट बुजवली. बॉनेट कापलं. टेक्निकल डिसिजन. डोळ्यात पत्र्याचा कीस गेला, पाणी येत राहिलं.

२४ एप्रिल
सक्सेस! सगळा रस्ता, जाऊन-येऊन, काटा मध्येच. पाण्याचा थेंब लागला नाही. गाडीत नुसतं इंजिन ऐकू येतं.
वळणावर वहिनींनी हात केला. थांबलो. म्हणाल्या, भावजी, आज शिट्टी कावून न्हाई आली?
मी म्हणालो, कसली शिट्टी?
म्हणाल्या, ह्यांची. तीच ऐकाया रोज येत व्हते.
मी फट, हवा, प्रेशर, सगळं नीट समजावलं. त्या ऐकत होत्या. मग पदर तोंडाला लावून घरी गेल्या.

३० एप्रिल
नगरला गेलो नाही. कारण पाणीटंचाई. गाडीला आता पाणी लागत नाही, पण तत्त्व म्हणून.
सकाळपासून रबर काढतोय. स्क्रूड्रायव्हर झाला, ब्लेड झालं. घट्ट धरलंय.
वहिनी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, निघंल का?
निघेल म्हणालो.