नेच्याचं पहिलं पाणी

ताई,

ओढ्याकाठी नेच्याचे कोंब पुन्हा वर आलेत. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि तू घरी येणं सोडलंस त्यालाही तेवढीच.

त्या कोंबांची भाजी खाऊन बाबा गेले, तेव्हा "थोरलीनं भलतंच काहीतरी खुडून आणलं," असं सगळे म्हणाले, आणि तू खाली मान घालून ऐकून घेतलंस. मी शेजारीच उभी होते, मिठाची गुळणी धरून.

कोंब देताना तू बजावलं होतंस, "दोनदा उकळ. पहिलं पाणी फेकून दे." पण त्या दिवशी गॅस संपत आला होता आणि बाबा भुकेनं कावले होते. मी एकच उकळी दिली आणि त्याच पाण्यात मीठ घालून वाढलं. बाबांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली. "थोरलीची नजर बघ, कसे कोवळे निवडलेत!" म्हणाले. शिजवलं मी, कौतुक तुझं. नंतर दोषही तुझ्याच वाट्याला गेला.

काल तुझ्याच जागेवरचे कोंब आणले, दोनदा उकळून एकटीनं खाल्ले. आज ठणठणीत आहे. तू खुडलंस ते बरोबरच होतं, ताई.

आईनं आत्ताच विचारलं, "कुणाला लिहितेस गं?" मी म्हटलं, "किराण्याची यादी करतेय."

आता हा कागद शेगडीवर धरेन. सिलिंडर कालच नवा आलाय.

तुझी,
धाकटी